डावीकडून दुसरा

आमच्या विभागात येणारे लोक दोन प्रकारचे. एक, ज्यांना फोटो कालच हवा असतो. दुसरे, ज्यांना तो फुकट हवा असतो. दोघांनाही गोड बोलून वाटेला कसं लावायचं, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालंय. त्यामुळे हा गृहस्थ पहिल्यांदा आला आणि काउंटरवर हात टेकून म्हणाला, "घाई नाही मॅडम, सावकाश द्या," तेव्हा मी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. असं कुणी बोलत नाही.

म्हणून आम्ही त्याचं नावच 'सावकाश' ठेवलं. माझ्याच वयाचा, म्हणजे पन्नाशीला टेकलेला. स्वच्छ कपडे, कापलेली नखं, हळू आवाज. वाट बघायला लावली तरी मोबाइल काढायचा नाही. खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा.

संग्रहालयाचा चित्रविभाग म्हटलं की लोकांना वरच्या दालनांतली मोठमोठी तैलचित्रं आठवतात. त्यांच्याशी आमचा संबंध नाही. आम्ही तळघरात. थंड खोली, पत्र्याची कपाटं, कपाटांत पाकिटं आणि पाकिटांत जुन्या निगेटिव्ह. कुणाला पुस्तकासाठी, कुणाला बातमीसाठी जुना फोटो लागतो. आम्ही तो शोधतो, स्कॅन करतो, खाली काय लिहायचं ते तपासतो आणि देतो. 'हा कोण आहे?' या एका प्रश्नावर माझं घर चाललंय.

सावकाशला एकच फोटो हवा होता. गाद्यांच्या कारखान्याचा.

आमच्या गावात तो कारखाना ठाऊक नाही असं माणूस नाही. मी लहान असताना तो जळाला. कापूस, कापड आणि त्यात वरच्या मजल्यावरचं शिवणखातं. पुढचा जिना पेटला तेव्हा बायका मागच्या जिन्याने उतरून मागच्या लोखंडी दाराकडे धावल्या. दाराला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे असायची तो माणूस त्या दिवसापासून नाहीसा झाला. नवाच लागला होता, त्याचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं, सगळे त्याला किल्लीवालाच म्हणायचे. ऑफिसातली कागदपत्रं ऑफिसाबरोबर जळाली. मालक सुटला. मागे राहिला तो आमच्याकडचा फोटो, आगीच्या थोडेच दिवस आधी कारखान्याच्याच फोटोग्राफरने काढलेला. त्याच मागच्या दारासमोर चार माणसं गणवेशात उभी आहेत, हात पाठीमागे बांधलेले. पाकिटावर त्याने पेनाने लिहिलंय: 'मागचं दार. डावीकडून: फिटर, किल्लीवाला, भांडारी, ड्रायव्हर.'

डावीकडून दुसरा. त्या चेहऱ्याला गावाने इतक्या शिव्या घातल्यात की त्याची हाडंसुद्धा गरम झाली असतील. वर्तमानपत्रांत दरवर्षी तोच फोटो. वर कायमच्या दालनात तोच फोटो, पुरुषभर उंच. मुलं त्याच्या डोळ्यांवर पेनाने फुल्या मारतात आणि आम्ही दर काही महिन्यांनी नवी प्रत लावतो.

डावीकडून तिसरा, म्हणजे भांडारी, हा माझा मामा.

हे मी कामावर कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भिंग लावून त्याला त्या फोटोत ओळखलं आणि घरी जाऊन विचारलं. तो म्हणाला, "हो, भांडारात होतो मी. पुन्हा नाव काढू नकोस." माझी आई मी बोलायला लागायच्या आत गेली, वडील त्याआधीच. मामाने लग्न केलं नाही, मला वाढवलं. माझ्या वेण्या त्याने घातल्या, वाकड्या, पण रोज. त्याने एक गोष्ट मागितली तर ती न देण्याइतकी मी कृतघ्न नाही. मी तोंडाला कुलूप लावलं.

सावकाशने आधी पूर्ण फोटो नेला. मग नुसता दुसरा माणूस. मग नुसता त्याचा चेहरा. मग म्हणाला, "डोळे आणि कान, जेवढे मोठे होतील तेवढे." मला राग आला.

"कान कशाला हवेत?"

"माणूस म्हातारा झाला तरी कान बदलत नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "माझी आई शिवणखात्यात होती, मॅडम. मी तेव्हा पाळण्यात होतो. मला तिचा चेहरा आठवत नाही. ह्याचा मात्र पाठ झालाय."

मी कान मोठे करून दिले.

नंतर कळलं की ते दारही त्याच्याकडे आहे. कारखाना पाडला तेव्हा त्याने ते भंगारवाल्याकडून सोडवून आणलं होतं. आमच्या साहेबांना ते प्रदर्शनासाठी हवं होतं, तोंडाला पाणी सुटलं होतं त्यांच्या. सावकाश नाही म्हणाला. "घरी बसवलंय. मागच्या खोलीला. कुलूप अजून शाबूत आहे, फक्त किल्ली नाही. म्हणून बाहेरून कडी लावून घेतलीय."

"मागच्या खोलीला बाहेरून कडी?" साहेब हसत म्हणाले. "आत काय ठेवता?"

"अजून काही नाही," सावकाश म्हणाला.

साहेब हसायचे थांबले. मीही काहीतरी शोधायला कपाटात डोकं घातलं.

गेल्या सोमवारी तो आला तो हसतच. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि पुन्हा बघायची इच्छा नाही.

"सापडला," तो म्हणाला.

गावाच्या पलीकडच्या टोकाला, मुलीकडे राहतो. नीट ऐकू येत नाही, काठी लागते. कान जुळले. कारखान्यात होतो, हेही त्याने कबूल केलं. "पण म्हणतो, मी किल्लीवाला नव्हे, मी भांडारी. किल्ली माझ्या शेजारच्या पोराकडे असायची म्हणे." सावकाशने मान हलवली. "आता कुणीही असंच म्हणणार. पण फोटो खोटं बोलत नाही. शनिवारी येणार आहे माझ्याकडे. दार बघायला या म्हटलं, चहा घेऊ. बिचारा लगेच हो म्हणाला, त्याला कुणी बोलावत नाही कुठे."

मग त्याने मला आपलं कार्ड दिलं, पत्त्याचं. "तुमची मदत झाली, मॅडम. कधी वाटलं तर तुम्हीही या."

पोलिसांत जावं, असं मनात आलं. पण सांगणार काय? एक माणूस एका म्हाताऱ्याला चहाला बोलावतोय, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मनात दुसराही आवाज होता: असेल तो किल्लीवाला, तर बसू दे दाराआड. इतक्या बायका बसल्या होत्याच की. शुक्रवारपर्यंत त्या दुसऱ्या आवाजाचंच मी ऐकलं.

आमच्या घरात दारं लावत नाहीत. कडीच नाही कुठे. मामाने सगळ्या काढून टाकल्यात, न्हाणीघराचीसुद्धा. आत कुणी असेल तर त्याने खोकत राहायचं, असा नियम. मी वयात आल्यावर या नियमावरून घर डोक्यावर घेतलं होतं. मामाने तिथे जाड पडदा टांगला, पण कडी म्हणून लावली नाही. मी मनाशी हिशेब जुळवला होता: माणूस आगीतून वाचलाय, त्याला बंद दार सोसत नाही. बिचारा. त्याच्या बाकीच्या खोडीही अशाच. स्वयंपाकघरातल्या दिव्याची दोरी खाली राहावी म्हणून तिला एक जडशी जुनी किल्ली बांधलेली. लहानपणी मी तिला लोंबकळून दिवा लावायची आणि ओरडा खायची.

तर शुक्रवारी सकाळी मामा आरशासमोर दाढी करत होता. पडदा बाजूला सारलेला. मी चहाचा कप घेऊन मागून जात होते आणि आरशात त्याच्याकडे नजर गेली. वाटलं, अगदी फोटोतल्यासारखा दिसतोय. भुवईवरचा तो व्रण तर थेट तसाच.

"काय बघतेस, ठकू?" असं म्हणत तो वळला. आणि व्रण दुसऱ्या बाजूला गेला.

त्यात काही विशेष नाही. आरशात सगळ्यांचंच उलट दिसतं. पण मामा फोटोत आरशातल्यासारखा दिसतो, माझ्यासमोर उभा असतो तसा दिसत नाही, हे मला चहाचा कप हातात धरून उभं असताना कळलं. चहा पायावर सांडला तेव्हा भान आलं.

तळघरात पोचल्याबरोबर मी ते पाकीट काढलं. हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, आमच्या धंद्यातच कळतं. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. मंद बाजू चुकीच्या दिशेला ठेवून प्रत काढली तर चित्र उलटं येतं, डाव्याचं उजवं होतं. त्यात पाटी असेल, अक्षरं असतील तर लगेच लक्षात येतं. पण चार माणसं आणि एक लोखंडी दार यात उलटसुलट काय दिसणार? माझ्या आधीच्या कुणीतरी ती पालथी घालून प्रत काढली, ती भिंतीवर चढली आणि पुढे सगळ्यांनी तीच बरोबर धरली. मी भिंग लावलं. चौघांच्याही सदऱ्याचा खिसा छातीच्या उजवीकडे. चौघांचीही बटणं बायकांच्या पोलक्यासारखी लावलेली. हे मी वर्षानुवर्षं विकत होते! डोळे होते की बटणं, देव जाणे.

निगेटिव्ह सुलट केली. ड्रायव्हर आणि फिटर यांची टोकं बदलली. मधल्या दोघांनीही जागा बदलल्या.

डावीकडून दुसरा, माझा मामा.

संध्याकाळी मी त्याच्यासमोर दोन्ही प्रती ठेवल्या आणि रागाच्या भरात पर्समधून कार्डही काढून टेबलावर आपटलं. सावकाशबद्दल, दाराबद्दल, कडीबद्दल सगळं सांगितलं. मला वाटत होतं, तो म्हणेल, तुझं काहीतरी चुकतंय, ठकू. मी त्यासाठी आसुसले होते. त्याने एवढं म्हटलं असतं तरी मी विश्वास ठेवला असता.

त्याने फोटो जवळ ओढला.

"तुमच्या संग्रहालयाने एकदा जुन्या कामगारांना बोलावलं होतं," तो म्हणाला. "तू तेव्हा शाळेत होतीस. फोटो भिंतीवर लावला होता. आलेल्यांत मला ओळखणारं कुणी नव्हतं. मी समोर गेलो आणि बघतो तर मी भांडारी झालेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, बघा, नावं बरोबर आहेत ना? मी म्हटलं, बरोबर आहेत."

"आणि तो खरा भांडारी?"

"तो त्या दिवशी आला नव्हता." त्याने डोळे मिटले. "तेव्हापासून माझ्या जागी उभाय बिचारा."

"कुठे होतास तू? आग लागली तेव्हा?"

"चहाला गेलो होतो. समोरच. दार उघडं टाकून जायचं नाही, कापड चोरीला जातं, असा मालकाचा हुकूम होता. लावून गेलो."

चहाला. मला हायसं वाटलं, हे सांगायला लाज वाटते. चहाला गेलेला माणूस खुनी नसतो. मी म्हटलंसुद्धा, "मग यात तुझी काय चूक, मामा? तू परत येईपर्यंत..."

"आलो होतो मी परत." त्याने माझं बोलणं तोडलं. "मागच्या गल्लीतून दारापर्यंत गेलो. आतून हात आपटत होते. किल्ली माझ्या मुठीत. आणि मनात आलं, आता उघडलं तर सगळ्यांना कळेल, लावलं कुणी. एवढंच आलं मनात. तेवढ्यात उशीर झाला. मग आवाज थांबले."

मी उठून मोरीपाशी गेले आणि ओकले. याच हातांनी माझ्या वेण्या घातल्या होत्या. मला त्याची किळस आली आणि त्याच क्षणी त्याला कुठेतरी दूर घेऊन पळून जावंसं वाटलं. दोन्ही एकदम. परत आले तर तो मान वर करून दिव्याच्या दोरीकडे बघत होता. तिच्या टोकाला बांधलेल्या किल्लीकडे. मला विचारावं लागलं नाही.

"ठकू," तो म्हणाला, "तुमच्यात डावीकडून म्हणजे कुणाच्या डावीकडून? बघणाऱ्याच्या, की उभ्या असणाऱ्याच्या?"

त्याला खरंच माहीत नव्हतं, की तो मला पळवाट दाखवत होता? तो प्रश्न किती सोपा होता! उभ्या असणाऱ्याच्या म्हटलं की झालं. फोटो सुलट करूनही मामा भांडारीच राहिला असता. कुणाची छाती होती मला खोटं पाडायची?

"बघणाऱ्याच्या," मी म्हटलं. "नेहमी बघणाऱ्याच्याच."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

शनिवारी सकाळी निघताना तो धुतलेला सदरा घालून दारात उभा होता. "जा. आपलं काम कर," एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडे न बघता गेले.

संगणकावर चित्र बदलायला काहीच लागत नाही. नवी प्रत चढवायची, 'मूळ प्रत बदला' म्हणायचं. ज्यांनी ज्यांनी तो फोटो नेला असेल त्यांना दुरुस्त प्रत आपोआप जाते, सोबत आमची दिलगिरी. मी ते उघडून बसले आणि बसूनच राहिले. साहेब येऊन गेले, कुणी कालच हवा असलेला फोटो मागून गेलं, मी कुणाकडे लक्ष दिलं नाही. भांडारीची मुलगी आत्ता त्याला कपडे घालून देत असेल, असं सारखं वाटत होतं. माझ्यासारखीच कुणीतरी. तिला वाटत असेल, बाबांना कुणी बोलावलं, बरं झालं.

दुपार होत आली तेव्हा मी ते बटण दाबलं. मग टेबलावर डोकं ठेवून रडले.

लगेच सावकाशला फोन लावला. उचलला नाही. आमच्या घरी लावला. वाजत राहिला. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. पर्स उचलली आणि निघाले.

घराचं दार नेहमीसारखं सताड उघडं. मामा आत नव्हता. टेबलावर दोन्ही फोटो तसेच होते, कार्ड नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. दिव्याची दोरी वर गुंडाळली गेली होती, माझा हात पोचणार नाही इतकी वर. तिच्या टोकाला काही नव्हतं.

फोन वाजला.

"तुमची दुरुस्ती मिळाली, मॅडम," सावकाश म्हणाला. तोच हळू आवाज. "पण थोडा उशीर झाला. तुमचे मामा सकाळीच आले. भांडारी काकांना मी चहा पाजून घरी सोडून आलो, त्यांची माफी मागितली. तुम्हाला फोन करा असं तुमच्या मामांनीच सांगितलं."

"मामा कुठे आहे?"

"आत. किल्ली लागली, मॅडम. मला वाटलं होतं, गंजलं असेल. एका फेऱ्यात लागली. कुलूप त्यांनीच दाखवलं कसं लावायचं ते, मग आत जाऊन बसले. किल्ली आता माझ्या हातात आहे."

"उघडा," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता उघडा!"

"उघडणार आहे ना. त्यांना सांगितलंय मी, दारावर हात आपटा, हाक मारा, लगेच उघडतो. पण ते हाक मारत नाहीत. मी बाहेर बसून ऐकतोय." त्याचा आवाज पहिल्यांदाच थोडा कापला. "घाई नाही. तुम्ही सावकाश या."

मी चपला न घालताच पळत सुटले. घराचं दार मागे उघडंच राहिलं.